सव्वा तोळ्याचे पाहुणे

कासमचाचा खलफे फवारणी सुरू करण्याआधी टाळ्या वाजवत. खांद्याला पितळी पंप, तोंडावर बांधलेलं फडकं, भुवयांवर बसलेली पांढरी भुकटी, आणि असा हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस खजुराच्या बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत टाळ्या वाजवत चाललेला. अल ऐनला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी मी त्यांना असं पाहिलं. "उठा रे, उठा! दवा येतेय. निघा, निघा!" चक्क मराठीत. मला तर बागेत कोणीच दिसत नव्हतं. मी शेजारच्या बलुच मजुराला विचारलं, "ये किससे बात कर रहे हैं?"

"चिड़ियोंसे," तो हसत म्हणाला. "रोज करता है."

फेरी संपवून ते परत आले, फडकं खाली ओढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तो मुंबईहून आलेला, रक्त तपासणारा ना? गाव कुठलं?"

"मुरुड. जंजिऱ्याचं."

"मग हिंदीत काय विचारतोस त्याला? मला विचार की मराठीत. मी रत्नागिरीचा." आणि पंपाला हवा भरत ते झोपडीच्या भिंतीकडे वळले.

ही साठच्या दशकातली गोष्ट. त्या मुलखाला तेव्हा आजचं नाव नव्हतं. आम्ही सगळ्यालाच 'दुबईकडे' म्हणायचो. आगबोटीने दुबईला उतरायचं, तिथल्या बर दुबई भागात कोणा गाववाल्याकडे दोन दिवस काढायचे आणि मग लँड रोव्हरमध्ये बसून दिवसभर वाळू तुडवत आत अल ऐनला जायचं. वाळू, वाळू, वाळू, आणि मग अचानक डोंगराच्या पायथ्याशी हिरवा पट्टा. खजुराच्या बागा, त्यांच्या सावलीत आंबा, लिंबू, आणि डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाण्याचा पाट. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात. जिथे पाणी तिथे डास, आणि डास तिथे हिवताप. म्हणून तिथे मलेरियाचं एक छोटं ऑफिस उघडलं होतं. एक इंग्रज डॉक्टर, आठ-दहा फवारणीवाले, त्यांचे मुकादम कासमचाचा, आणि सूक्ष्मदर्शकावर मी. लोकांच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा आणि त्यात तापाचे जंतू आहेत का ते बघायचं, हे माझं काम.

औषधाला तिथेही दवाच म्हणतात. आमच्या डब्यांतली पावडर पाण्यात कालवून घरांच्या भिंतींवर, गोठ्यांत, बागांमधल्या झावळ्यांच्या झोपड्यांत मारायची. डास भिंतीवर टेकला की संपला. गावातल्या अरबांना कासमचाचांच्या टाळ्या पाठ झाल्या होत्या. ते त्यांना 'बू असाफीर' म्हणत. म्हणजे चिमण्यांचा बाप. कासमचाचांना त्या नावाचा राग नव्हता. फक्त एकदा मला म्हणाले, "ह्या चिमण्या नायत, हे त्यांना समजावून सांगायला पायजे."

चिमण्या नव्हत्याच त्या. राखाडी रंगाचा, छातीवर पुसट रेघा असलेला, लक्षातही राहू नये असा पक्षी होता तो. वाळक्या फांदीच्या टोकावर ताठ बसायचा. एकदम झेप घ्यायचा, हवेतल्या हवेत चिलट किंवा माशी पकडायचा, आणि परत त्याच फांदीवर, त्याच जागी. कासमचाचा एकदा मनगट धरून मला बसवून म्हणाले, "आता बोलू नको. बघ. उडाला... धरलान... आला परत. बघितलंस? हा आपल्याच खात्यातला. डास मारतो, नि पगार मागत नाय."

डॉक्टरसाहेबांना पक्ष्यांचा नाद होता. गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही असायचीच. त्यांनीच आम्हाला सांगितलं की हा माशीमार. थंडीत आफ्रिकेत असतो, उन्हाळ्यात पार उत्तरेच्या रानांत जाऊन घरटं करतो, आणि येता-जाता इथे उतरतो. तो रानातला पक्षी, झाडाशिवाय त्याचं चालत नाही. मधल्या एवढ्या वाळवंटात झाडं कुठे? या दहा-वीस बागाच. इथे चार-आठ दिवस पोट भरून घ्यायचं आणि पुढे निघायचं. एका पक्ष्याचं वजन किती, हे साहेबांनी ग्रॅममध्ये सांगितलं. मी त्याचे तोळे करून कासमचाचांना सांगितलं, सव्वा तोळा.

"सव्वा तोळा?" त्यांनी तळहात पुढे केला आणि त्यावर काही ठेवलेलं असावं तसे बघत राहिले. "सव्वा तोळ्याचा जीव नि आफ्रिकेतनं येतो?" त्या दिवसापासून ते त्या पाखरांना 'पावणे', म्हणजे पाहुणे, म्हणू लागले.

पण त्यांची आणि पाखरांची ओळख त्याच्याही आधीची होती. एका शुक्रवारी दुपारी आम्ही फलजच्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते गलबतावर खलाशी होते. कोकणातून कौलं भरून या आखातात यायची आणि खजूर भरून परत जायची. "ऑक्टोबर महिन्यात जमीन दिसेनाशी झाली ना, की कुठून कुठून बारकी पाखरं येऊन दोरावर बसायची. दमलेली. हाताने उचलली तरी उडायची नायत. आमचा तांडेल करवंटीत गोडं पाणी ठेवायचा. आम्हाला पाणी मोजून, पण पाखरांच्या करवंटीला हात लावला तर आईवरनं शिव्या." ते हसले. मग म्हणाले, "कितीक मरायचीच तरी. सकाळी दोरांच्या वेटोळ्यात सापडायची."

त्याच खेपांपैकी एकीत असताना त्यांची मुलगी गेली. झुबेदा, सात वर्षांची. हिवतापाने. ते दोन महिन्यांनी घरी पोचले तेव्हा त्यांना कळलं. "मस्कतहून तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. शेजारणीच्या पोरीला दिल्या," एवढंच बोलले. गलबत सोडलं, ते कायमचं. पुढे या आखातात डास मारायचं काम निघालंय असं कोणी सांगितलं, आणि ते आले. पंप उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कडक शिस्त यायची ती कुठून येते हे मला त्या दुपारी कळलं. भिंतीचा एक वितीएवढा तुकडा कोरडा राहिला तर ते मजुराला परत पाठवायचे.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, टाळ्या वाजवून काय उपयोग? तुम्ही गेलात की पाखरं परत येणार. दवा तर भिंतीवर महिनोन्‌महिने राहते. विषारी माशी खाल्ली की झालं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलंय मला."

"मग?"

"मला काय कळतंय? पण बघवत नाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे त्यांच्याशी वाद घालता येत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तिथे कधी नव्हे एवढा पाऊस झाला. वाद्यांतून, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांतून, पाणी वाहिलं. बागांच्या कडेला डबकी साचली, गवत माजलं. लोक खूश होते. मार्चच्या अखेरीस ताप सुरू झाला. रोज सकाळी आमच्या दारात आया मुलांना घेऊन बसायला लागल्या. माझे डोळे सूक्ष्मदर्शकावरून उठेनात. पाच-सहा पोरं दगावली. त्यांतलं एक माझ्यासमोर, आईच्या मांडीवर.

वरून हुकूम आला की फक्त भिंती पुरे नाहीत. बागाच फवारायच्या. झाडांचे बुंधे, खालच्या फांद्या, गवत, पाटाच्या कडा, सगळं, आणि ताबडतोब. तेव्हा एप्रिल निम्मा झाला होता. पाहुणे नुकते उतरायला लागले होते.

कासमचाचा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अन्वर, साहेबांना एक कागद लिहायचाय. इंग्रजीत. चांगला लिही."

"काय लिहू?"

"वीस दिवस थांबा म्हणून. पावणे जाऊ देत. ते गेले की मी स्वतः एकेक पान धुवून काढीन."

मी लिहिलं. मला जमेल तेवढं चांगलं लिहिलं. आम्ही दोघे कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला. मग ड्रॉवरमधून माझीच यादी काढली, त्या महिन्यात ताप निघालेल्या मुलांची, आणि कागदाच्या शेजारी ठेवली. बोलले ते मी कासमचाचांना मराठीत सांगितलं. "ते म्हणतात, मीही रोज वहीत लिहितोय, कोण आलं, किती आले. वीस दिवसांत ही यादी केवढी होईल ते तुम्ही मला सांगा, मग मी थांबतो."

कासमचाचा त्या यादीकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक नावापुढे वय लिहिलेलं होतं आणि आकडे त्यांना कळत होते. "तीन," ते पुटपुटले. "सात. चार. सात."

मग आमच्यासाठी साहेबांनीच एक वाट काढली. एक बाग सर्वांत शेवटी फवारायची. तेवढीच. कुठली ते कासमचाचांनी ठरवावं.

त्यांनी सालिम नावाच्या एका अरबाची बाग निवडली. वस्तीच्या टोकाला होती ती. त्यात खजुरांबरोबर मोठे आंबे होते आणि बोरीसारखी दिसणारी दोन जुनी झाडं. पाहुण्यांची ती आवडती जागा. सालिमचं घर बागेला लागूनच. कासमचाचा स्वतः त्याला विचारायला गेले. सालिम मोठ्याने हसला. त्याला दवेचा वास आवडायचाच नाही. मधमाश्या मरतात अशी त्याची तक्रार होती. "बू असाफीर, तुझे पाहुणे ते माझे पाहुणे," तो म्हणाला. "खलास, ठरलं."

पुढचे दहा दिवस बाकीच्या बागा पांढऱ्या होत गेल्या. कासमचाचांनी एकही झाड सोडलं नाही. टाळ्या वाजवायचे, मग पंप चालवायचे, आणि दुपारचं काम आटोपलं की सरळ सालिमच्या बागेत जाऊन बसायचे. मलाही ओढून न्यायचे. इतर बागांतून उठलेली पाखरंही तिथे येत होती की काय कोण जाणे, पण प्रत्येक वाळक्या टोकावर एकेक बसलेला असायचा. झेप, परत. झेप, परत. मी त्या माणसाला एवढा सुखात कधी पाहिला नव्हता. बोलायचेही कुजबुजत. "जाड होतायत बघ. चरबी धरतायत. दोन-तीन दिवसांत निघतील आता, इन्शाल्ला."

अकराव्या दिवशी सकाळी सालिम आला. त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी होती, मोझा. सहा वर्षांची असेल. मान टाकलेली, ओठ सुकलेले. मी तिच्या बोटाला सुई टोचली तर तिने हातही मागे घेतला नाही. काच वाळवली, रंग घातला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शोधावं लागलं नाही. मी मान वर केली तेव्हा कासमचाचा दारात उभे होते.

"हाय?"

"आहे."

"कुठली जात?"

"वाईट. डोक्यात चढते ती."

साहेबांनी तिला तिथेच खाटेवर घेतलं आणि सुई दिली. कासमचाचांनी मला बाहेर बोलावलं. "बागेतला डास," ते म्हणाले. विचारत नव्हते, सांगत होते.

"चाचा, तसं नाही म्हणता येत. डास चावल्यापासून ताप यायला आठ दिवस, कधी बारा-चौदा दिवस लागतात. तुम्ही बाग सोडायच्या आधीच चावला असेल. कुठेही चावला असेल. त्यांच्या घराच्या भिंती तर तुम्हीच फवारल्यात." मी बोलत होतो ते सगळं खरं होतं. आजही मला ते खरंच वाटतं.

"तू कागदावरचं सांगतोयस, अन्वर." आणि ते गेले.

त्याच दुपारी त्यांनी सालिमची बाग फवारली. एकट्याने. मजुरांना येऊ दिलं नाही. मी पाटाच्या अलीकडे उभा होतो. त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरळ आत गेले आणि पंप चालवू लागले, गवत, बुंधे, फांद्या, पाटाच्या कडा, ज्या शिस्तीने भिंती फवारायचे त्याच शिस्तीने. पाखरं त्यांच्या डोक्यावरून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात होती. माशा उठत होत्या आणि ती त्या माशा धरत होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "टाळ्या नाही वाजवल्या?"

"कुठल्या तोंडानं सांगू, निघा म्हणून?" त्यांनी फडकं काढलं. "जायचं कुठं त्यांनी? बाकीच्या बागा मीच संपवल्यात."

दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मला घ्यायला आले. पाखरं झाडाखाली बसली होती. बसली होती म्हणजे पंख पसरून जमिनीला टेकली होती आणि थरथरत होती. चोच उघडी. कासमचाचांनी टोपी काढली आणि एकेक उचलून तिच्यात ठेवायला लागले. एकाच्या चोचीत फडक्याच्या टोकाने पाण्याचा थेंब सोडला. तो थेंब चोचीवरून ओघळून त्यांच्या अंगठ्यावर आला. दुसऱ्याला सोडला. तिसऱ्याला. "घे रे," ते म्हणत होते, "घे, बाबा." मी सुरुवातीला काही वेळ मदत केली, मग मला जमेना आणि मी नुसता उभा राहिलो. ती थरथर थांबायची. ती थांबली की कळायचं.

संध्याकाळपर्यंत एकही वाचला नाही. त्यांनी बागेबाहेर वाळूत खड्डा केला. मुंग्या विषारी होऊ नयेत, त्या कोणी खाऊ नयेत, म्हणून खोल केला. एवढा विचार त्या अवस्थेतही त्यांनी केला.

मोझाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. सातव्या दिवशी ती आमच्या अंगणात बसून दूध प्यायली आणि तिने माझ्याकडे बघून तोंड वेंगाडलं. त्याच दुपारी सालिम ऑफिसात आला. हातात ताट, ताटात खजूर आणि तूप. आम्हा सगळ्यांना वाटून तो कासमचाचांसमोर आला, वाकला आणि त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तो अरबीत बोलला. आम्हाला सगळ्यांना तेवढी अरबी येत होती. "माझ्या मुलीसाठी तू तुझ्या पाहुण्यांची बाग फवारलीस. मला माहीत आहे ते. अल्ला तुला याचं फळ देवो."

कासमचाचांनी खजूर तोंडात घातला. घालावाच लागला. सालिम बोलत होता, मोझाने सकाळी काय काय मागितलं, कशी चिडली, आणि कासमचाचा मान हलवत होते, हसतही होते. सालिम गेल्यावर ते मागच्या बाजूला गेले. थोड्या वेळाने मी गेलो तर ते पंपाचं नळकांडं धूत बसले होते. ते आधीच स्वच्छ होतं. "पोरगी वाचली," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"वाचली ना," ते म्हणाले. "अल्लाचे उपकार. मी दुवा केली होती तिच्यासाठी." मग बराच वेळ पाणी ओतत राहिले. "मला आनंद व्हायला पायजे, अन्वर. झालाय पण. मग हे दुसरं काय हाय, ते कुठे ठेवू?"

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी ओतू लागलो.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं नाही, कामात ढिलाईही केली नाही. हिवताप कमी होत गेला, ते श्रेय त्यांचं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये ते सालिमच्या बागेत जाऊन बसत. पाहुणे आले, पण मागच्यासारखे नाहीत. एका झाडावर एखादा, तोही दोन दिवसांनी. हे आपल्यामुळे की वाऱ्याची दिशा बदलली म्हणून की तिकडे दूर कुठल्या रानात कोणी झाडं तोडली म्हणून, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. साहेबांना विचारलं तर त्यांनी वही उघडून बघितली आणि बंद केली. कासमचाचांना कोणी गुन्हेगार ठरवलं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. तेवढंही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

दोन वर्षांनी त्यांचा करार संपला. साहेब मुदत वाढवायला तयार होते, पण ते नको म्हणाले. मी त्यांना सोडायला दुबईपर्यंत गेलो. आगबोट दूर समुद्रात उभी राहायची आणि खाडीतून लाँचने तिथपर्यंत जावं लागायचं. धक्क्यावर त्यांची एक पेटी आणि एक वळकटी. लाँच भरेपर्यंत आम्ही पेटीवर बसलो होतो. खाडीतून अब्रे, म्हणजे तिथल्या छोट्या होड्या, माणसांना इकडून तिकडे नेत होते. कासमचाचा तिकडे बघत होते. मग आपणहून बोलले.

"मी लई विचार केला. आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, दोघांना वाचवा म्हणून. पोरं वाचवायला ठेवलं होतं, ती वाचवली. पावण्यांचं आपणच मनानं अंगावर घेतलं."

"मग चुकलं का आपलं?"

"काय ठाऊक? मला काय कळतंय?" लाँचवाल्याने हाक मारली, "यल्ला, यल्ला!" ते उठले, पेटी मला उचलू दिली नाही. लाँचमध्ये बसल्यावर त्यांनी हात केला नाही. फक्त बघत राहिले.

मी आणखी बरीच वर्षं अल ऐनला राहिलो. कासमचाचा मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते. दर वर्षी मे महिन्यात त्यांचं पत्र यायचं, मोठ्या मोठ्या अक्षरांत. घरची खुशाली, पाऊस कधी येईल त्याचा अंदाज, आणि शेवटी एक ओळ: 'पावणे आले का?' मी दर वर्षी उत्तर लिहायचो, 'आले.' ते खोटं नव्हतं. एका वर्षी सबंध महिन्यात मी तीन पाहिले. एका वर्षी एक.

एका जूनमध्ये त्यांच्या मुलाचं पत्र आलं. बाबा गेले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्याच्या पंधरा दिवस आधी कासमचाचांचं नेहमीचं पत्र मला मिळालं होतं, आणि मी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. खुशाली होती, पावसाचा अंदाज होता. शेवटची ओळ मात्र त्या वर्षी वेगळी होती: 'किती आले, ते तू कधी लिहीत नाहीस. नको लिहूस.'